जोडवं घातलेलं कालवण

"पोरगी गुणाची हाय वं, पन घरात फ्रीज आनल्यासारखं झालंय. फ्रीज निदान घुर्र तरी करतो."

सासूबाई हे शेजारच्या बयाबाईंना सांगत होत्या. मी खिडकीच्या आत लसूण सोलत होते. (राग आला नाही. तुलना नेमकी होती.)

लग्नाला महिना झालेला. माहेर दौंड, सासर कवठे येमाई. शिक्षण बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, सासरी त्याचा उपयोग कोथिंबीर निवडण्यापुरता.

त्या सकाळी सासरे, आप्पा, शिरूरला कामाला गेले आणि तिथल्या बागेतून पिशवीभर पांढऱ्या छत्र्या घेऊन आले. "अळंबी घावली! संध्याकाळी कालवण करा झणझणीत."

अळंबी वारुळापाशी उगवते, ही तर लॉनवरची. मी गुपचूप फोटो काढून कॉलेजच्या करुणामॅडमना पाठवला. उत्तर आलं : "एक छत्री पांढऱ्यावर पालथी ठेव. हिरवी पूड पडली तर विषारी. हिरवी फार दुर्मीळ गं, मलाही दाखव!"

पांढरा कागद सापडेना. इस्त्रीच्या कपड्यांवर एक कडक पांढरी घडी होती. (आमच्या माहेरी असे रुमाल असतात.) तिच्यावर छत्री पालथी घातली, वर वाटी झाकली.

संध्याकाळी सासूबाईंनी स्वतःची परीक्षा मांडली. "सूनबाई, पायातलं जोडवं दे. चांदी काळी पडली तर इख, न्हाईतर खायाचं."

जोडवं काढणं अशुभ, पण आप्पांना भूक लागली होती. (आधी मी ते तीनदा धुतलं. त्या घरात उघडपणे तेवढंच विज्ञान केलं.) कालवणात उकळून ते लखलखीत निघालं.

"बघा! वाढू का?"

चांदीला या विषातलं काही कळत नाही, हे मला ठाऊक होतं. सांगायचं कसं, ते ठाऊक नव्हतं. आत धावले, वाटी आणि छत्री उचलली. शेवाळी हिरवा गोल! घडी उलगडली, तर ती आप्पांची नवी टोपी. उद्याच्या शिक्रापूरच्या साखरपुड्याची.

बाहेर आप्पांनी भाकरी मोडली होती. मी टोपी समोर ठेवली.

"ही कुणी रंगवली?"

"सत्यानंच. दुसरं कोन?" सासूबाई म्हणाल्या. माझा नवरा सत्यजीत सवयीनं मान खाली घालून बसला. आप्पांनी घास कालवणात बुडवला.

मनात माझं वाक्य तयार होतं, बीजाणू आणि शास्त्रीय नावासकट. तोंडातून निघालं ते असं :

"आप्पा, ठेवा तो घास! इख हाय त्यात! आन् टोपी मी नासवली, ह्यांनी न्हाई. डाग कसा काढायचा ते कॉलेजात शिकवलंच न्हाई हो!"