तपासायला घेतलेली सूचना

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी अख्ख्या इमारतीच्या तोंडचं पाणी पळवलं. नळाचंसुद्धा! तेही एका वाक्यापायी.

बाबा छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. "चाळीस वर्षांत माझ्या नजरेतून एक चूक सुटली नाही," हे वाक्य चहाइतक्याच वेळा त्यांच्या तोंडी यायचं. छापखाना सुटल्यावर त्यांची नजर जिन्याखालच्या फळ्यावर गेली. सेक्रेटरींनी लावलेली सूचना गुपचूप उतरवून आणायची, लाल पेनाने कांद्यासारखी सोलायची, सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहायची आणि एक रात्र मुरू द्यायची. ताज्या शाईत चूक दिसत नाही, हा त्यांचा नियम!

टाकी धुण्याची सूचना अशीच मुरत पडली आणि सकाळी नऊला नळ दोनदा खाकरून गप्प झाले.

दारात पहिले आले व्यायामशाळेचे मास्तर. कमरेला टॉवेल, बाकी सगळा फेस.

"काका, पाणी!"

"दोनपर्यंत नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "सूचना ऐका. 'कृपया' तीनदा आलं होतं, दोन उडवली. आता कशी सुटसुटीत झालीय!"

"आणि मी?"

"तुम्ही थांबा दोनपर्यंत."

बाबांची मुलगी वाचनालयात नोकरीला. पुस्तकं ढीगभर वाचलेली, बोलणं मात्र मोजकं. तिने पिण्याच्या पाण्याची कळशी मास्तरांवर रिकामी केली, मागोमाग तक्रार घेऊन आलेल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची माफी मागितली आणि आत येऊन म्हणाली, "बाबा, हद्द झाली तुमची!"

खरं तर तिला ते भारी गोड वाटले होते. पण बापाला असं काही बोलून दाखवायची त्या घरात रीतच नव्हती. ती पाठ फिरवून भांडी आवरू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, बाबा गेले.

पुढच्या रविवारी सकाळी सेक्रेटरी आले.

"ताई, पाच वाजता खाली शोकसभा. ही सूचना. नजरेखालून घाला आणि तुम्हीच लावून टाका. चूक राहिली तर काका वरून परत पाठवतील! आणि हो, तुम्हीही दोन शब्द बोला."

दोन शब्द! जन्मभर राहिलेलं बोलायची ही एवढीच संधी उरली होती. सूचना तपासून होताच तिने कोरा कागद ओढला. 'बाबा आम्हाला अत्यंत प्रिय होते.' छे! 'अत्यंत' म्हणजे पोकळ डबा, खोडलं. 'आम्हाला' म्हणजे चारचौघांच्या आड लपणं, खोडलं. 'प्रिय' तर पत्राच्या मायन्यात शोभतं! दुसरा कागद, तिसरा कागद. अकरावा संपला तेव्हा पाच वाजले होते.

गठ्ठा घेऊन ती धावत खाली आली. हॉलमध्ये चाळीस खुर्च्या होत्या, आणि सेक्रेटरी.

"लोक कुठायत?" तिने विचारलं.

"तेच मी विचारतोय! सूचना लावलीत ना?"

तिने गठ्ठा उपसला. तळाशी सूचना. तपासलेली, सुवाच्य, एकाही माणसाने न वाचलेली.

"खाण तशी माती!" सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला.

तिने आधी ओठ दाबले, मग तोंडावर हात धरला, आणि मग तिला हसू फुटलं ते फुटलंच. सेक्रेटरीही खुर्ची धरून हसले. हसता हसता दोघांनीही डोळे पुसले.

"बसा, मी दारं ठोठावून सगळ्यांना आणतो," ते म्हणाले. "तोवर तालीम करा. रिकाम्या खुर्च्या चुका काढत नाहीत."

त्यांची पावलं जिन्यावर वाजत वर गेली. तिने कागद पाहिले. खाडाखोडीशिवाय एक ओळ शिल्लक नव्हती. ते बाजूला ठेवून ती उभी राहिली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही मला फार आवडायचात. सांगायचं राहूनच गेलं."