मार्थामावशींचं काम

आमच्या मार्थामावशी खोकल्याचं औषध घेत नाहीत. बाटलीचं बूच काढून हुंगतात आणि नाक मुरडतात. "ह्यात दारू हाय. म्हाताऱ्या बायांनी मद्यापासून लांब ऱ्हावं, असं शास्त्र सांगतंय." मग ओवा चघळत सगळ्या गल्लीला खोकून जागं ठेवतात.

धारूरला आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. माझ्या लग्नानंतर पहिल्याच रविवारी, चर्चमधली उपासना सुटल्यावर, त्या न विचारता माझ्या घरात शिरल्या. डाळीचा डबा उघडला, माठात डोकावल्या. "माठ कावून उघडा ठेवला? राग मानू नको. वयस्कर बाईनं तरण्या पोरीला वळण लावावं, असं लिव्हलंय. ते माझं काम हाय."

मला राग आलाच. चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक नव्या सुनेला यायचा. चहाडी करू नये, हीही त्याच शिकवणीतली गोष्ट. म्हणून मावशी आधी जाहीर करायच्या, "ही चहाडी न्हाई, चिंता हाय," आणि मग तासभर चिंता करायच्या.

गेल्या उन्हाळ्यात रूथ, आमच्या मंडळीतली सगळ्यात नवी सून, भर दुपारी मावशींच्या दारात आली. ओठ फुटलेला, हातात कपड्यांची पिशवी. तिच्या मागोमाग नवरा आणि सासू आले; त्यांनी पाळकांच्या बायकोलाही, पाळकीणबाईंना, सोबत आणलं होतं. आवाज ऐकून मी पिठाच्या हातानंच धावले.

सासू म्हणाली, "तुमीच सांगा हिला. नवऱ्याच्या आज्ञेत ऱ्हावं, हे तुमीच शिकवता न्हवं?"

ते खरं होतं. आम्हा सगळ्यांनाच त्यांनी ते शिकवलं होतं. रूथनं मान खाली घातली आणि ठेवलेली पिशवी परत उचलली.

मावशींनी ती तिच्या हातातून घेतली, आत नेऊन ठेवली आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. "शिकवते की. नवऱ्यावर माया करावी, हे शिकवलं. मार खाऊ नये, हे शिकवायचं राहिलं व्हतं."

नवरा पुढे सरकला. "मावशी, हे आमच्या घरातलं हाय."

"मग घरात कावून ठेवलं न्हाई? तोंडावर घेऊन आलीय पोरगी."

पाळकीणबाई काही बोलायच्या बेतात होत्या. त्यांनी रूथच्या ओठाकडे पाहिलं, पदर पाण्यात भिजवला आणि रक्त पुसायला बसल्या. मग नवरा आणि सासू निघून गेले.

रूथ मावशींकडेच राहिली. नवरा पुढे माफी मागायला आला, पण ती गेली नाही. आता ती केजला एका दवाखान्यात काम करते, तिथंच खोली घेऊन राहते.

रूथ आली त्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी घेऊन गेले. म्हटलं, "मावशी, मला वाटलं तुम्ही तिला परत धाडाल."

त्यांनी डावा हात पुढे केला. तो कोपरातून सरळ होत नव्हता. इतकी वर्षं शेजारी राहून मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"माझ्या येळंलाबी म्हाताऱ्या लई व्हत्या," त्या म्हणाल्या. "समद्या भल्या. जखमेवर हळद लावायच्या, अन् परत घरी पोचवून यायच्या."

त्यांनी माझ्या हातातली भाकरी घेतली.

"एकीनं तरी 'ऱ्हा' म्हणायला पायजे व्हतं गं."

आत रूथ झोपली होती. मावशींनी तिच्यासाठी भाकरी झाकून ठेवली आणि तिच्या उशाशी जाऊन बसल्या.