भिंत हुंगनारे नामाकाका

"धावा जी! लेकराले श्वास नाही येऊन राह्यला!" मी बाळाले छातीशी धरून वरडत आंगनात आली. पयले धावले शेजारचे नामाकाका. अन् मले सोडून सरळ आमच्या खोलीत शिरले, भिंतीले नाक लावून उभे! मले वाटलं, या मानसाचं डोक्सं फिरलं. तं आतूनच वरडले, "पोरी, दवाखान्यात पळ! अन् वापस आनशीन तं या खोलीत नको आनू!"

नामाकाकाचं कामच ते. पुराचं पानी घुसलं, पाईप फुटला, भिंतीले बुरशी धरली, का बालाघाटातले लोक त्याहिले बलावते. लालबर्र्याच्या राइस मिलचं गोदाम म्हना, का शाळेची खोली म्हना, खरडून, सुकवून देते. ओल मोजाचं मीटर आहे त्याहिच्यापाशी, पन म्हनते, "मीटर मालकासाठी, नाक कामासाठी." कोनाच्या घरी गेले तं जय भीम म्हनाच्या आधी भिंत हुंगते. भाच्यासाठी पोरगी पाहाले गेलते, तं तिच्या बापाले म्हने, "पोरगी बेस आहे जी, पन तुमची मोरीची भिंत लय बिमार आहे." सोयरीक तुटली. भाचा अजून बोलत नाही.

दवाखान्यात मशीनची वाफ देल्ली, बाळ रडलं, तवा कुठं मी रडली.

बारशाले पाहुने येनार म्हनून आमच्या ह्यायनं ओल्या भिंतीवरच ऑइल पेंट मारलता. आतल्या आत बुरशी वाढली. काका भडकले, "तोंडाले पावडर लावल्यानं ताप उतरते काय बे?"

बाळ अन् मी पुढच्या खोलीत. काकानं दारावर प्लास्टिक तानलं, तोंडाले मास्क बांधला, भिंतीवरचं काळं आधी भिजवलं मंग खरडलं. सुकं खरडलं तं घरभर उडते म्हने. मोरीचा पाईप झिरपत व्हता, तो बदलला. मंग पंखे लावले. हे रोज विचारत, "झालं काय काका?"

"मले काय विचारतं? भिंतीले विचार."

शेवटी एका दुपारी पाळन्याच्या जागी फरशीवर आडवेच झाले. लेकरू जितलं खाली निजते तितल्या खालची हवा हुंगत पडले. उठले अन् म्हने, "आन पाळना."

बाळ हासून राह्यलं व्हतं. मी म्हनलं, "घ्या ना काका."

ते मांगं सरकले. "नको माय. माह्या कपड्यात लोकाइच्या घरची बुरशी राह्यते. नागपूरले नातू आहे माहा, त्यालेबी मी दुरूनच पाह्यतो."

अन् दिवस बुडता बुडता दारात उभे. आंघोळ केलेली, केस ओले, अंगात घडीचा कोरा शर्ट. हात पुढं करून म्हने, "आता देशीन काय थोडा वेळ?"

अन् तोंड फिरवून खोकलले. लय वेळ खोकलले.

दुपारी मीच म्हनलं व्हतं, घ्या. पन त्या खोकल्यासंगं माहे हात आपोआप बाळाभोवती घट्ट झाले. काकाचे हात तसेच पुढं.

तुमीबी लेकरावाल्या बाया आहा. सांगा, तुमी काय केलं असतं?