फारच रोचक

मी सरकारी नोकरीत चिंता व्यक्त करण्याचे काम करतो. लंडनमध्ये नदीकाठच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आमचा कक्ष आहे. जगात कुठेही कुणाला अन्यायाने डांबले, फटकावले किंवा नुसतेच गायब केले, की आमचे सरकार चिंतित होते. आणि नेमके किती चिंतित व्हायचे, त्याचा मसुदा मी करतो. माझे नाव पार्जिटर. आमच्या कक्षप्रमुख क्रेकबाई गेली एकवीस वर्षे मला पार्टरिज म्हणतात. त्यांची चूक दाखवणे मला प्रशस्त वाटलेले नाही.

चिंतेच्या चार पायऱ्या आहेत. 'दखल घेतली', 'चिंता वाटते', 'गंभीर चिंता वाटते' आणि 'अत्यंत गंभीर चिंता वाटते'. त्याच्यावर 'निषेध'. तो कपाटात कुलपाखाली असतो आणि आमची विमाने न घेणाऱ्या देशांसाठीच बाहेर काढतात. बदरानच्या शेजारी असा एक देश आहे. तेच कायदे, तसेच धर्ममार्तंड, तोच चाबूक. पण विमाने दुसऱ्याच दुकानातून घेतो. त्याचा निषेध आम्ही दर मंगळवारी करतो, चहाच्या आधी.

बदरान मात्र आमचा जिवलग मित्र. तिथला कारभार युवराज पाहतात आणि ते सुधारक आहेत. गेल्याच वर्षी त्यांनी बायकांना मैदानात बसून फुटबॉल बघायची परवानगी दिली, आणि ती परवानगी मागणाऱ्या अकरा बायकांना तुरुंगात टाकले. अकरा म्हणजे पूर्ण संघ झाला, असे आमच्या राजदूतांनी कौतुकाने कळवले होते.

सोमवारी सकाळी हेस्सा अल-मुरैद नावाच्या बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. मूळच्या बदरानच्या, पण वीस वर्षे क्रॉयडनमध्ये दातांचा दवाखाना चालवतात. त्यांची धाकटी बहीण बुशरा तिकडे राजधानीतल्या एका मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी उभी होती. सदाचार खात्याचा एक अधिकारी बायकांच्या डोक्यावरचे पदर तपासत जिन्याने वर निघाला होता. त्याच्या झग्याचे टोक जिन्यात अडकले आणि तो सगळ्या मानमरातबासकट हळूहळू खाली बसत गेला. बुशरा हसली. आरोपपत्रात शब्द होते, 'मोठ्याने, दात दिसतील असे हसणे'. शिक्षा चाळीस फटके, गुरुवारी, दुपारच्या नमाजानंतर, भर चौकात.

"तिचे दात मीच सरळ केलेत हो," हेस्साबाई म्हणाल्या. "इथं राहिली होती माझ्याकडे. तीन वर्षं तारा होत्या. आधी तोंडावर हात धरून हसायची. मीच म्हटलं, आता काढ तो हात."

मला वाईट वाटले. पण वाईट वाटणे ही पायरी आमच्या कोष्टकात नाही. मी त्यांना चहा दिला आणि सरकारने काय म्हणावे अशी आपली अपेक्षा आहे, असे विचारले.

"सोडा तिला. एवढंच म्हणा."

मी यादी पाहिली. हे शब्द त्यात नव्हते.

तरी मी हिंमत करून मसुदा केला: 'बुशरा अल-मुरैद यांना झालेल्या चाबकाच्या शिक्षेबद्दल आम्हाला गंभीर चिंता वाटते.' नियमाप्रमाणे तो विमानविक्री शाखेकडे मंजुरीला गेला. बदरान आमच्याकडून अठ्ठेचाळीस लढाऊ विमाने घेणार होता, आणि सह्यांचा मुहूर्तही गुरुवारचाच होता. शाखेचे म्हणणे पडले की, नाव घेतल्यास युवराजांना ते मनाला लागेल. मी 'एक महिला' असे केले. महिला हा तिकडे नाजूक विषय असल्याने 'एक व्यक्ती' केले. चाबूक या शब्दाला हरकत आली, कारण चाबूक आपल्याच देशातून जातो आणि उगाच मालाची बदनामी होईल. मी 'शारीरिक स्वरूपाचे मार्गदर्शन' लिहिले. मग त्यांनी 'गंभीर' काढला, आणि शेवटी 'चिंता'ही काढली. मंगळवारी दुपारी मसुदा परत आला तेव्हा त्यात उरले होते: 'एका व्यक्तीला होणाऱ्या मार्गदर्शनाबद्दल आम्हाला वाटते.'

"काय वाटतं ते तरी लिहावं लागेल, पार्टरिज," क्रेकबाई म्हणाल्या. "असं क्रियापद उघड्यावर टाकून कसं चालेल?"

तेव्हा मला तो शब्द सुचला. आम्हा इंग्रजांची एक रीत आहे. सासूबाईंच्या हातचे जेवण कुत्र्यानेही हुंगू नये असे झाले, तर आम्ही ताट सरकवत नाही, तोंडही वेंगाडत नाही. 'फारच रोचक आहे हो,' असे म्हणतो. याहून जड शिवी आमच्यात नाही. माझ्या बायकोने मला एकदा तिच्या कविता वाचून दाखवल्या होत्या. मी रोचक म्हणालो, आणि त्याच आठवड्यात ती माहेरी गेली ती गेलीच.

मी लिहिले: 'बदरानच्या न्यायालयाचा निकाल आम्हाला फारच रोचक वाटला.'

क्रेकबाईंचा चेहरा पांढरा पडला. "हे जास्त होतंय, पार्टरिज. उद्या लढाई पेटली म्हणजे?" पण विमानविक्री शाखेला त्यात एकही आक्षेपार्ह शब्द सापडला नाही. निवेदन रवाना झाले. चाळीस वर्षांत मित्रराष्ट्राला इतके सणसणीत कुणी सुनावले नव्हते, म्हणून कक्षात केक कापला. मी हेस्साबाईंना फोन करून काळजी करू नका, असे सांगितले.

बुधवारी सकाळी युवराजांचे उत्तर आले. आमचे चाळीस फटके आपल्याला रोचक वाटले हे वाचून आनंद झाला, असे त्यांनी लिहिले होते. इतकी रसिकता त्यांनी आमच्याकडून अपेक्षिली नव्हती. स्नेहाखातर त्यांनी आकडा ऐंशी केला होता.

तातडीची बैठक बसली. युवराजांचा गैरसमज झाला आहे यावर सर्वांचे एकमत होते. तो दूर कसा करावा यावर मात्र कुणी तोंड उघडेना. समोरच्याला तुमचे चुकले असे तोंडावर सांगणे ही आमच्याकडे असभ्यपणाची परिसीमा. इथे तर समोर युवराज आणि अठ्ठेचाळीस विमाने होती. मी हळूच म्हटले, साध्या शब्दांत कळवून टाकू या. क्रेकबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी बैठकीत शर्टच काढला होता. अखेर मंत्र्यांच्या सहीने दुसरे पत्र गेले: 'आपल्याविषयी पूर्ण आदर बाळगून कळवतो की, आपले म्हणणे आम्ही ऐकले.' आमच्या भाषेत याचा अर्थ, तुम्ही ठार मूर्ख आहात आणि तुमचे आम्ही काडीचेही ऐकणार नाही.

पूर्ण आदर पाहून युवराज गहिवरले. विमाने अठ्ठेचाळीसची साठ झाली. वर एक मैत्रीचा करारही आला, आणि घाईगर्दीत तो कुणी वाचला नाही. गुरुवारी दुपारी सह्या झाल्या तेव्हा तिकडे नुकताच नमाज संपला होता.

शुक्रवारी हेस्साबाई आल्या. मी चहा करू लागलो तर नको म्हणाल्या.

"ऐंशी झाले. तिथल्या एका बाईनं फोन केला. बुशरानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं म्हणे. ओरडताना दात दिसू नयेत म्हणून."

मग त्यांनी विचारले, "तुम्ही त्यांना नक्की काय म्हणालात?" मी निवेदनाची प्रत पुढे केली. वीस वर्षे क्रॉयडनमध्ये काढलेल्या बाई. त्यांना आमची भाषा दोन्ही बाजूंनी कळते. त्यांनी ती ओळ वाचली, कागदाची नीट घडी घातली, माझ्यासमोर ठेवली आणि उठल्या.

"फारच रोचक," त्या म्हणाल्या.

इतकी घाण शिवी मला आजवर कुणी दिली नव्हती. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

सोमवारी माझी बढती झाली. मैत्री कराराच्या सातव्या कलमानुसार, मित्रराष्ट्राच्या प्रतिष्ठेला दात दाखवून हसणाऱ्यांची नावे दोन्ही देशांनी एकमेकांना कळवायची आहेत. ते काम आता माझ्याकडे आहे. वाचकहो, ही हकिकत मी त्यासाठीच लिहिली. तो अधिकारी जिन्यावर हळूहळू खाली बसत गेला तिथे आपण हसलात, हे गृहीत धरले आहे. केक कापला तिथे हसलात का, आणि पुढे ऐंशीचा आकडा आल्यावर विमाने साठ झाली तिथेही हसलात का, तेवढे नावापत्त्यासह लिहून पाठवावे. दात दिसले की नाही, तेही लिहावे.

घाबरायचे कारण नाही. वेळ आलीच, तर आपले प्रकरणही आम्हाला फारच रोचक वाटेल.