गॅलरीतल्या ग्रहावर पाणी कुणी ओतलं

खट्. गॅलरीच्या दाराची कडी वाजली आणि लेक झोपल्यावर मुश्किलीने मिळालेली शांतता मोडली. ती लिहिता लिहिता उठली. गॅलरीत कुणी नव्हतं. विटेच्या टेकूने तिरक्या ठेवलेल्या परातीतल्या लाल वाळूवर टेबलफॅन इमानाने वारा घालत होता. पण वाळूत चक्क एक नदी उमटली होती, उपनद्यांसकट.

ही परात म्हणजे तिचा प्रयोग होता. दूरच्या एका खडकाळ ग्रहावरच्या जुन्या दऱ्या पाण्याने नव्हे, नुसत्या वाऱ्याने कोरल्या, असं तिचं म्हणणं. लेकीच्या जन्मापासून रखडलेला प्रबंध त्यावरच उभा होता, आणि चार वाजता तिचे मार्गदर्शक सर व्हिडिओ कॉलवर परात बघणार होते. लेकीच्या तापात दोन दिवस परातीकडे बघणंही झालं नाही, तेवढ्यात कुणीतरी डाव साधला होता.

पहिला संशय अर्थातच सासूबाईंवर. कुंड्यांना पाणी त्याच घालत, आणि कडीही आत्ता त्यांनीच लावली होती.

"मी कशाला गं ग्रहाला पाणी घालू?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "मूठभर वाळू तेवढी घेतली. कोरफडीला. मागच्या सोमवारी."

मागच्या सोमवारचा तो खळगा तिने वहीत 'वाऱ्याचं काम' म्हणून नोंदवला होता, मोजमापांसकट.

नवरा विचारायच्या आधीच शपथा घ्यायला लागला, तेव्हा संशय बळावला. उलटतपासणीत निघालं एवढंच, की वाळूतला तो देखणा गोल कठडा त्याच्या हेल्मेटचा होता. त्या कठड्यावर तिची अडीच पानं लिहून झाली होती. पाण्याबाबत मात्र दोघांनीही कानावर हात ठेवले. चार वाजेपर्यंत सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत चहा प्यायले.

सरांनी परात बराच वेळ न्याहाळली. "हे वाऱ्याचं नाही हो. थोडं थोडं पाणी, पुष्कळ वेळ, मधूनमधून वाळत गेलेलं. मी वर्षभर दुसरं काय सांगतोय? आता प्रबंध याच्यावरच लिहा. पण केलंत कसं?"

तिने वर पाहिलं. तापाच्या घामाने दिवसातून तीनदा बदललेले लेकीचे फ्रॉक दोरीवर ओळीने लटकत होते. घाईघाईत, धड न पिळता, तिनेच वाळत घातलेले.

"हळूहळू केलं, सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लेक एव्हाना उठून तिच्या कमरेला बिलगली होती. कपाळ गार लागत होतं. तिने खरं काय ते फक्त लेकीच्या कानात सांगितलं. लेकीने दोरीकडे पाहिलं, मग परातीकडे.

"मग आई, तिकडे त्या ग्रहावर कपडे कुणी वाळत घातले होते?"