सात शिलिंगांची घट

इंदूरच्या रामबागेतले नाना पागनीस बाजाराला निघाले की त्यांच्या काळ्या लांब कोटाचा डावा खिसा उजव्यापेक्षा चार बोटं खाली लोंबायचा. त्या खिशात पितळेचं पावशेराचं वजन असे. शेव घ्यायची असो की साबुदाणा, नाना दुकानदाराचं वजन बाजूला सारायचे आणि आपलं काढून पारड्यात ठेवायचे.

"याने तोल, भिया."

"साब, हमपे भरोसा नहीं क्या?"

"तुझ्यावर आहे रे. तुझ्या वजनावर नाही."

संस्थानच्या काळात नाना वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. बेटम्याच्या बाजारात त्यांनी एकदा बैलगाडीभर खोटी वजनं जप्त केली होती. निदान पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एक गाडी होती. मी नोकरीला लागेपर्यंत तिच्या तीन झाल्या होत्या. संस्थान गेलं, मध्यभारत आला, नाना पेन्शनीत निघाले, पण ते खातं काही त्यांच्या अंगातून निघालं नाही.

उजव्या खिशात आणखी एक वस्तू असायची. लाकडी डबीतला सोनाराचा लहानसा काटा. त्याच्यावर नाना टपाल तोलायचे. पाठवायचं पत्र तोलणं मी समजू शकतो, पोस्टात एखादा आणा जास्त जायला नको. पण हे गृहस्थ आलेलं पत्रही तोलायचे आणि पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तोळा-माशांतला आकडा टाकायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "आवक-जावक दोन्ही तोलायची असते. कायदा आहे." कुठला कायदा ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "घट कुठं गेली?" घट म्हणजे मालातली तूट. दूध आटलं तरी स्वयंपाकाच्या बाईंना हा प्रश्न असायचा. नानांचं म्हणणं असं, की घट हवेत जात नाही, कुणाच्या तरी खिशात जाते, आणि तो खिसा शोधून काढणं हे सरकारचं काम आहे. सरकार म्हणजे अर्थात नाना.

त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीधर कापडगिरणीचं शिक्षण घ्यायला मँचेस्टरला गेला. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात उरले एकटे नाना. त्याच सुमारास मी सियागंजातल्या एका बँकेत परदेशी पैशांच्या टेबलावर कारकून म्हणून बसलो होतो. त्या दिवसांत इंदुरातून परदेशी पैसे पाठवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझं टेबल म्हणजे जवळजवळ नानांचंच टेबल होतं. दर महिन्याला ते श्रीधरला पंधरा पौंड पाठवायचे, वीस शिलिंगांचा एक पौंड.

पहिल्या महिन्याची रक्कम पोचल्याचं पत्र आलं आणि बँकेचं दार उघडायच्या आत नाना पायरीवर हजर झाले.

"सदू, चौदा पौंड तेरा शिलिंग पोचले. सात शिलिंगांची घट. कुठं गेली?"

मी त्यांना समजावलं. इथून पैसे मुंबईला जातात, मुंबईहून लंडनला, लंडनहून मँचेस्टरच्या बँकेत. वाटेत जो तो आपलं कमिशन कापून घेतो.

"म्हणजे नाके आहेत वाटेत. ठीक. पावती दाखव."

"त्याची पावती नसते, नाना."

नाना मटकन खुर्चीत बसले. पावतीशिवाय कुणी नाक्यावर पैसे घेतो ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरेना. मलाही खरं तर आधी माहीत नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या महिन्यात सहा शिलिंग गेले, तिसऱ्यात नऊ. एक आकडा ठरलेला असता तर नाना कदाचित गप्प बसले असते, पण दर खेपेला निराळी घट म्हणजे सरळसरळ चोरीच. त्यांनी श्रीधरला हुकूम सोडला: दर महिन्याला स्वतः बँकेत जा, कुणी कापले, काय म्हणाला, कसं म्हणाला, सगळा पंचनामा लिहून पाठव.

श्रीधर आज्ञाधारक मुलगा. तो चार-चार पानं लिहायला लागला. नाना ती पुरावा म्हणून माझ्या टेबलाशी मोठ्यानं वाचायचे आणि मुंबईच्या ऑफिससाठी तक्रार लिहून घ्यायला लावायचे.

"ऐक. 'सकाळी धुकं इतकं, की बँकेची पाटी दिसेना. दोनदा पुढे गेलो आणि परत आलो. जोडे भिजले.' लिही तक्रारीत."

"नाना, जोड्यांचं काय लिहू?"

"पंचनाम्यात काही गाळत नसतात. पुढे ऐक. 'घरमालकीण रोज उकडलेले बटाटे वाढते. आपली लसणाची चटणी होती म्हणून निभावलं. डबा आता संपत आला.'"

एकदा मॅनेजरसाहेब वैतागून केबिनमधून बाहेर आले. "पागनीसजी, आलू का बैंक से क्या संबंध?"

"पूरा संबंध है, साब. जिसके सात शिलिंग कटेंगे, वो आलू ही खाएगा."

साहेब गुपचूप आत गेले.

दीड वर्ष हे चाललं. शेवटी मी मुंबईच्या ऑफिसला पत्रांवर पत्रं लिहून एक नियम शोधून काढला. पाठवणाऱ्यानं वाटेतला सगळा खर्च इथंच आधी भरला, तर तिकडे पै न कापता पूर्ण रक्कम मिळते. नानांनी विचारलं, "पावती मिळेल?" मिळेल म्हटल्यावर त्यांनी पैसे मोजले. महिन्याभरानं पत्र आलं, पंधरा पौंड पूर्ण पोचले. नानांनी सगळ्या बँकेला कचोऱ्या खाऊ घातल्या. साहेबांनी तीन खाल्ल्या. आणि मी? मी आठवडाभर बँकेत असा वावरत होतो, की जणू इंग्लंडचा खजिना मीच सोडवून आणला.

त्यानंतर नाना यायचे, सही करायचे आणि जायचे. टेबल कसं शांत झालं. मी तिथं पेपर वाचायला लागलो.

एके दिवशी संध्याकाळी शेवेच्या दुकानावर नाना माझ्या पुढे उभे होते. दुकानदारानं आपलं वजन टाकलं, शेव तोलली, पुडी बांधली. नानांनी ती मुकाट्यानं घेतली आणि चालू पडले. दुकानदार घाबरून मला म्हणाला, "साब की तबीयत तो ठीक है ना, भिया?"

मी तसाच त्यांच्यामागून घरी गेलो. नानांनी कपाटातून पाकिटांचा गठ्ठा काढला आणि सतरंजीवर एकेक मांडत गेले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा आकडा.

"बारा मासे. तेरा. हे चौदा, ते धुक्याचं." त्यांचं बोट पुढे सरकलं. "इथं कचोऱ्या झाल्या. आता बघ. सहा. पाच. साडेचार."

साडेचार माशांचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. 'तीर्थरूप नानांस, साष्टांग नमस्कार. रक्कम पूर्ण पोचली. अभ्यास ठीक चालला आहे.' खाली सही. बाकीचा कागद कोरा.

"आणि गेल्या महिन्यात आलंच नाही," नाना म्हणाले. "पोरगा वाईट नाही रे. रक्कम पुरी मिळते, मग लिहील तरी काय?"

"तुम्ही सांगा ना त्याला, सविस्तर लिही म्हणून."

"छट्. मागून घेतलेलं मी वजनात धरत नाही." मग पाकिटं गोळा करता करता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "घट कुठं गेली, सदू?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी इतक्या हळू आवाजात कधी विचारला नव्हता. मला फार वाईट वाटलं. ज्या नियमावर मी मिरवत होतो, त्यानंच या माणसाची पत्रं खाल्ली होती.

पुढच्या महिन्यात नाना टेबलाशी आले. आधी घसा खाकरला, मग इकडेतिकडे पाहिलं.

"तो इकडचा खर्च रद्द कर. तिकडेच कापू दे."

"नाना, पुन्हा घट येईल."

"येऊ दे." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "अन् पंधराच्या जागी साडेपंधरा पाठव. पोराला कमी पडायला नको. साडेपंधरा निघाले एवढं मी कळवतो; सविस्तर लिही म्हणून तू त्याला सांगू नको काही, काय?"

साहेब फॉर्मावर सही करताना थबकले. "ये तो उल्टा हो गया, पागनीसजी."

"होने दो, साब."

पत्र यायला महिना-सव्वा महिना लागला. त्या सकाळी नाना पुन्हा दार उघडायच्या आत पायरीवर होते. डावा खिसा चार बोटं खाली. आत येताच त्यांनी पाकीट टेबलावर आपटलं.

"लुटलं रे पुन्हा! आठ शिलिंग! ऐक, काय म्हणतो!"

आणि ते वाचायला लागले. दोन दिवस ऊन पडलं होतं. बँकेतला म्हातारा कारकून श्रीधरला ओळखायला लागला होता आणि त्याला सर्दी झाली होती. मी पेन घेतलं आणि सगळं लिहून घेतलं, ऊन, म्हातारा, सर्दी, सगळं. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील.

"और आलू का क्या हुआ?" त्यांनी विचारलं.

"वही चल रहा है, साब," नाना म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मी मान खाली घालून लिहीतच राहिलो. पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: पंधरा मासे.

आता मी अन्नपूर्णेच्या देवळाच्या भागात राहतो. रामबाग सुटली, बँकेतून निवृत्त झालो, त्यालाही जमाना झाला. नोकरीत मी एकच लबाडी केली, ती सांगून टाकतो. त्या पंधरा माशांच्या पत्रापासून श्रीधर परत येईपर्यंत नानांच्या सगळ्या तक्रारी मी नीट लिहून घेतल्या, नंबर टाकून फायलीत लावल्या, पण त्यांतली एकही मुंबईला पाठवली नाही. न जाणो, तिथला एखादा हुशार कारकून पुन्हा सोय करून द्यायचा.