अकरा बंद घरांचा प्रबंध

साळवी सर मासळीबाजारात गेले की आधी अर्धा तास नुसते उभे राहतात. बांगडा ताजा आहे का, हे स्वतः विचारत नाहीत. कोण विचारतं, मासेवाली काय सांगते, गिऱ्हाईक कुठे वळतं, हे वहीत टिपतात. शेवटी तीच ओरडते, "ओ सर, बांगडा घ्यायचाय की त्याच्याशी सोयरीक जुळवायचीय?" सरांचं उत्तर ठरलेलं, "मी अजून काहीच ठरवलेलं नाही."

सर रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मॅनेजमेंट शिकवतात आणि पीएच.डी. करतात. करतात म्हणजे करतच आहेत. त्यांच्या बिऱ्हाडाखालीच माझं टायपिंगचं दुकान, त्यामुळे त्यांच्या मुलाखती टाइप करण्याचं पुण्य माझ्या पदरी. त्यांची पद्धत इंडक्टिव्ह. लोक आधी निष्कर्ष ठरवतात आणि मग पुरावे शोधतात, असं सरांचं म्हणणं. आपण आधी बघायचं, ऐकायचं, त्यातून वर येईल तो सिद्धांत. हे तत्त्व त्यांनी लग्नालाही लावलं. मुली पाहिल्या, टिपणं काढली, ठरवलं काहीच नाही. आता पन्नाशीत एकटेच आहेत.

विषय मोठा. माणसं मुंबईला गेल्यावर गावातल्या बंद घरांचं व्यवस्थापन कोण करतं? उत्तर लहान. संगमेश्वराकडच्या एका वाडीत तरी ते तानीआजी करते. गणपती झाले की चाकरमानी कुलूप लावून किल्ली तिच्या हवाली करतात. ती अधूनमधून दारं उघडते, केर काढते, दिवा लावते. माझ्या हिशेबी हे एका दुपारचं संशोधन. सर मात्र दर महिन्याला एक गुरुवार तिच्याकडे जातात आणि आजी दर खेपेला डब्यातून एकच नवी किल्ली काढून दाखवते आणि तेवढ्या एका घराची कथा सांगते.

शेवटी गाइडबाईंनी बजावलं, महिनाअखेर प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द. सर म्हणाले, "पण अजून नवी किल्ली निघतेय!" म्हटलं, हा माणूस हातचं घालवणार. त्या गुरुवारी मीच त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो.

वाटेत स्पष्टच सांगितलं, "सर, म्हातारी तुम्हाला खेळवतेय. सगळ्या किल्ल्या डब्यातच असणार."

"असणारच," सर म्हणाले. "बंद घरं अकरा. पहिल्याच दिवशी मोजली मी."

"मग?"

"सगळ्या एकदम बघितल्या असत्या, तर पुढच्या महिन्यात कुठल्या निमित्ताने गेलो असतो? तिच्याशी बोलायला कुणी नाही. मलाही नाही."



आजी ओटीवर वाटच बघत होती. चहा झाला, सरांनी रेकॉर्डर लावला. तिने अकरावी किल्ली दाखवली, त्या घराची कथा सांगितली. सरांनी वही मिटली. मी मनात म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात तिने कनवटीची आणखी एक किल्ली काढून सरांपुढे ठेवली.

"ही कुठल्या घराची?" सरांनी विचारलं.

"ह्याच घराची. रविवारी झील, माझा पोरगा, न्यायला येतोय मुंबयला. डोळ्यांनी दिसत नाय आता. तिकडं गेलेल्या समद्यांनी किल्ल्या मला दिल्यान. मी कोनाला देऊ? शेजारी ऱ्हायलंय कोन?"

ती टेप मीच टाइप केली. पुढे कावळे ओरडतात. मग सरांचा आवाज. त्यांच्या प्रश्नावलीत नसलेला प्रश्न.

"आजी, गणपतीला येशील ना?"

"येन की. तू दार तेवढं उघडून ठेव, मास्तर."

प्रबंध वेळेत गेला. सर आता किल्ल्यांचा डबा घेऊन दर गुरुवारी वाडीवर जातात. बारा घरांचा केर काढायचा म्हणजे संध्याकाळ होते.